सत्तावीस की वीस सात?

जून 2019मध्ये शाळा उघडल्या आणि दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रभर वादाला तोंड फुटलं. पुण्याच्या बालभारतीने काढलेल्या त्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या दोन अंकी संख्या वाचायची नवी पद्धत आली होती: एकवीसला ‘वीस एक’, सत्तावीसला ‘वीस सात’, त्रेसष्टला ‘साठ तीन’. आदल्या वर्षी पहिलीच्या पुस्तकात हीच पद्धत येऊन गेली, तेव्हा फारसं कुणी बोललं नव्हतं. आता मात्र वर्तमानपत्रांचे रकाने भरले, फोनवर विनोद फिरले, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी दिलेलं कारण साधं होतं. जोडाक्षरांनी भरलेले संख्याशब्द लहान मुलांना जड जातात, बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकमेकांच्या उलट पडतात, दक्षिणेतल्या भाषांना ही अडचण नाही. आणि जुने शब्द हद्दपार केलेले नाहीत, त्यांच्या शेजारी एक सोपी वाट ठेवली आहे. नारळीकर 2023मध्ये गेल्या. वाद त्याच्या कितीतरी आधी विरला, पण मिटला नाही, कारण ज्या प्रश्नावर तो मिटू शकला असता तो प्रश्न गदारोळात मागेच राहिला. नव्या पद्धतीने मुलं दोन अंकी संख्या अधिक लवकर आणि अधिक अचूक शिकतात का? हा प्रश्न अभिमानाचा नाही आणि आवडीनिवडीचाही नाही. तो वर्गात मोजून सुटणारा आहे, आणि मोजल्याशिवाय कोणत्याही बाजूने त्याचा निकाल लावणं मुलांवर अन्याय करणारं आहे.

मराठी संख्याशब्दांची घडण नीट पाहिली की अडचण कुठे आहे ते कळतं. हे शब्द संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत झिजत आले. ‘द्वाविंशति’चं बावीस झालं, तसा प्रत्येक शब्द आपापल्या परीने झिजला, त्यामुळे मूळचा नियम आज कानाला लागत नाही. एकट्या सहाची रूपं पाहा: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. सात शब्दांत ‘सहा’ स्वच्छ ऐकू येतो तो एकदाच. दशकांचंही तेच. पन्नासचा कुठे ‘वन्न’ होतो तर कुठे ‘पन्न’, साठचा ‘सष्ट’, सत्तरचा ‘हत्तर’, नव्वदचा ‘ण्णव’. त्यात ‘एकोण’ची भर. एकोणचाळीस म्हणताना चाळिसातून एक काढायचा आणि लिहिताना मात्र तिसाच्या घरात राहायचं. ही चालही शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वदपर्यंत ती येते आणि नव्व्याण्णवला साथ सोडते. म्हणजे शंभरपर्यंत मोजायला मराठी मुलाला जवळजवळ शंभर शब्द एकेक करून पाठ करावे लागतात. नव्या पद्धतीत वीसपर्यंतचे वीस शब्द आणि तीस ते नव्वद ही सात दशकांची नावं, एवढ्या भांडवलावर नव्व्याण्णवपर्यंत जाता येतं.

पाठांतराचं ओझं ही अडचणीची एक बाजू झाली. दुसरी बाजू क्रमाची आहे. बावन्न ऐकताना कानावर आधी दोन येतो आणि मग पन्नास. लिहिताना आधी 5 मांडायचा असतो आणि मग 2. ऐकलेलं तसंच उतरवणारं मूल 25 लिहितं. सत्तावीसचे 72 होतात, पंचवीसचे 52. मोठ्या माणसाला हे दुर्लक्ष वाटतं, पण मूल इथे दुर्लक्ष करत नसतं. ते कानाशी प्रामाणिक राहतं आणि म्हणूनच चुकतं. बेरजेतही हाच अडथळा आडवा येतो. अडतीस अधिक सत्तावीस तोंडी करायचे तर आधी दोन्ही शब्द फोडून त्यांतले दशक आणि एकक ओळखावे लागतात. ‘तीस आठ अधिक वीस सात’ म्हटलं की फोड शब्दातच झालेली असते: पन्नास आणि पंधरा, म्हणजे साठ पाच. अर्थात हा झाला तर्क. तर्क कितीही नेटका असला तरी मुलाच्या डोक्यात तसंच घडतं याचा तो पुरावा नव्हे. पुरावा शोधायचा तर ज्या भाषांत हा प्रश्न प्रत्यक्ष मुलांवर तपासला गेला आहे तिकडे पाहावं लागतं.

जर्मन भाषेत सत्तावीसला ‘सात आणि वीस’ म्हणतात, म्हणजे क्रम मराठीसारखाच उलटा. यूलिया झुबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून लिहायला लावल्या आणि झालेल्या चुकांची प्रतवारी लावली. 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास निम्म्या चुका क्रम उलटण्याशी निगडित निघाल्या. झेक भाषेचं उदाहरण याहून बोलकं आहे, कारण तिथे ‘वीस सात’ आणि ‘सात आणि वीस’ असे दोन्ही प्रकार वापरात आहेत. सिल्विया पिक्सनर यांच्या गटाने त्याच मुलांना दोन्ही प्रकारांनी संख्या ऐकवल्या, आणि आकड्यांची अदलाबदल करणाऱ्या चुका उलट क्रमाच्या शब्दांत जास्त झाल्या. मूल तेच, घर तेच, शिक्षक तेच. बदलला तो फक्त शब्दांचा क्रम. शिवाय जर्मनमध्ये सात हा प्रत्येक दशकात सातच राहतो. मराठीत क्रमही उलटा आणि रूपंही बदलती, त्यामुळे मराठी मुलाची अडचण जास्तच असावी असा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच आहे, हे मात्र विसरून चालणार नाही.

पूर्व आशियातल्या मुलांचा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो. चिनीत अकरा म्हणजे ‘दहा एक’ आणि एकवीस म्हणजे ‘दोन दहा एक’. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये तीन ते पाच वर्षांच्या चिनी आणि अमेरिकी मुलांची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुलं सारखीच होती. वस्तू मोजण्यात आणि छोटी उदाहरणं सोडवण्यातही फरक दिसला नाही. फरक पडला तो दहाच्या पुढे मोजताना, म्हणजे इंग्रजी शब्द जिथे वाकडे होतात नेमका तिथे. यावर रास्त आक्षेप असा की चिनी घरांत अभ्यासाला वेळ जास्त दिला जातो, शाळा वेगळ्या असतात, अपेक्षा वेगळ्या असतात. श्रेय एकट्या भाषेला कसं द्यायचं? हा आक्षेप वेल्समध्ये बऱ्याच अंशी दूर होतो. तिथे वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांच्या शाळा एकाच व्यवस्थेत चालतात, आणि वेल्श शाळांत शिकवली जाणारी संख्यापद्धती चिनीसारखी सरळ आहे. ॲन डाउकर आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये मांडलेला निष्कर्ष मोलाचा आहे, कारण तो कोणत्याच बाजूला पूर्ण खूश करत नाही. दोन अंकी संख्या वाचणं आणि त्यांतली लहान-मोठी ओळखणं यांत वेल्श माध्यमातली मुलं सरस होती. एकंदर अंकगणितात मात्र ती पुढे नव्हती.

‘वीस सात’कडून काय मिळेल याची सीमा या निष्कर्षाने आखली जाते. सरळ संख्यानामं स्थानमूल्याचं दार उघडतील. आतली बेरीज, वजाबाकी, भागाकार शिकवावेच लागतील. आणखी एक अडचणीचा पुरावा आहे. पूर्व आशियाई मुलं संख्या मांडताना दहाच्या ठोकळ्यांचा वापर सहज करतात आणि इंग्रजीभाषक मुलं सुट्या ठोकळ्यांची रांग लावतात, असं आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. जॉन टाउज आणि मॅथ्यू सॅक्स्टन यांनी 1997मध्ये दाखवलं की आधी दहाचा ठोकळा वापरून एखादं उदाहरण मांडून दाखवलं तर हा फरक बराच ओसरतो. याचा अर्थ काही प्रमाणात शब्दाची उणीव शिकवण्याने भरून निघते. आपल्याकडच्या अनेक शिक्षिका काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ‘दोन दशक सात एकक’ म्हणवून घेतात, मण्यांच्या माळेवर उड्या मारून घेतात, तेव्हा त्या हेच करत असतात. म्हणून खरी तुलना ‘जुने शब्द की नवे शब्द’ एवढ्यावर थांबत नाही. जुने शब्दच ठेवून गठ्ठे-सुट्यांचा सराव वाढवला तर तेवढाच लाभ होतो का, हा तिसरा पर्यायही मांडणीत हवा. वादात तो फारसा आलाच नाही.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जास्त ऐकू आलेला आक्षेप असा: आमच्या पिढ्यान्‌पिढ्या हेच शब्द शिकल्या, कुणाचं काय अडलं? हे बोलणारे सगळे जण शिकून पुढे आलेले असतात, ही त्यातली मेख आहे. ज्यांचं अडलं ते शाळेतून बाहेर पडले आणि त्यांना कुणी विचारलं नाही. पूर्वी शाळा मोजक्यांची होती. आज ती सगळ्यांची आहे, आणि ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी उजळणी घ्यायला कुणी नाही त्याचा विचार पुस्तकाला करावाच लागतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने 2005पासून निघणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत दोन अंकी संख्या ओळखता येणं ही एक स्वतंत्र पायरी म्हणून तपासली जाते, यावरूनच ती पायरी गृहीत धरता येत नाही हे दिसतं. तरीही या आक्षेपात एक खरा मुद्दा दडलेला आहे, तो पाढ्यांचा. ‘सात चोक अठ्ठावीस’ हा पाढा आपल्या लयीमुळे डोक्यात बसतो. ‘सात चोक वीस आठ’ म्हटलं की ती लय मोडते. पाढे जुन्या शब्दांतच राहणार असतील तर ते सुरू होईपर्यंत मुलाला जुने शब्द पक्के यायला हवेत. नवी पद्धत त्या कामाला मदत करते की उशीर लावते, हे बसल्या जागी सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप समाजाचा. मंडईत, बसथांब्यावर, आजीच्या तोंडी सत्तावीसच असणार. मग मुलाने दोन भाषा शिकायच्या का? इथे नॉर्वेचा अनुभव उपयोगी पडतो. तिथे पूर्वी जर्मनसारखंच ‘सात आणि वीस’ म्हणत. टेलिफोनचे क्रमांक सांगताना घोटाळे नकोत म्हणून दूरध्वनी खात्याने आग्रह धरला, संसदेने निर्णय घेतला आणि 1 जुलै 1951पासून शाळा व सरकारी व्यवहार ‘वीस सात’वर आले. जुनी पद्धत मात्र लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. आजही ती कानावर पडते. वेल्समध्येही तारखा आणि वेळ सांगताना जुनी, विसाच्या गटांची मोजणी टिकून आहे आणि शाळेतलं गणित नव्या मोजणीत चालतं. दोन पद्धती एका समाजात शेजारी-शेजारी नांदू शकतात, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. संस्कृतीच्या काळजीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुण्यातल्या किती तरी मराठी घरांतली मुलं आज ‘ट्वेंटी सेव्हन’ म्हणतात आणि सत्तावीस म्हणजे किती असं विचारतात. सेमी इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजीतच चालतं. मराठी संख्याशब्दांना खरी स्पर्धा इंग्रजीची आहे, आणि इंग्रजीत एकवीसपासूनचे शब्द सरळ आहेत. मराठीतच एखादी सरळ वाट असेल तर मूल मराठीत मोजत राहील, हा दावा निदान तपासून पाहण्याजोगा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत भावनिक आहे: मुलांवर प्रयोग करू नका. पण राज्यभरातल्या सगळ्या शाळांत एकाच वर्षी पुस्तक बदलणं हासुद्धा प्रयोगच असतो. फक्त त्यात तुलनेसाठी कुणी उरत नाही आणि काय झालं याची नोंद राहत नाही. जुनं पुस्तक तपासल्याशिवाय चालू ठेवणं हाही तसाच नोंद नसलेला प्रयोग आहे. उलट नीट आखलेल्या चाचणीत कुणाचंही नुकसान न होऊ देता उत्तर मिळवता येतं, आणि याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातही घडलेला आहे. मुंबई महापालिकेच्या आणि वडोदऱ्याच्या शाळांत प्रथमने बालसखी योजना चालवली. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवायची. 2001 ते 2003 या काळात अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी तिचा परिणाम मोजला. कोणत्या शाळेला कोणत्या इयत्तेसाठी बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं गेलं. एका गटातल्या शाळांना ती एका इयत्तेसाठी मिळाली, दुसऱ्या गटाला दुसऱ्या इयत्तेसाठी. त्यामुळे कोणतीही शाळा वंचित राहिली नाही आणि तुलनाही करता आली.

2007मध्ये प्रसिद्ध झालेले त्या चाचणीचे निकाल, मोजमाप अंदाजाला कसं वळण लावतं याचा धडा आहेत. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या इयत्तांचे सरासरी गुण 0.28 प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभरांत बरोबर मध्यावर असलेलं मूल साधारण एकसष्टाव्या पायरीवर जाईल एवढे. फायदा सर्वांत जास्त झाला तो मागे पडलेल्या मुलांचा. ही मुलं बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला होता, पण वर्गात राहिलेल्या मुलांना त्याचा लाभ दिसला नाही. वर्ग लहान केला की शिक्षण सुधारतं, या सर्वमान्य समजुतीला त्याने धक्का दिला. आणि योजना थांबल्यावर वर्षभराने तो लाभ बराच ओसरलेला आढळला. हे तिन्ही निष्कर्ष चर्चेने हाती लागले नसते. अशा क्षेत्रीय चाचण्यांच्या पद्धतीसाठीच बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही 2019च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ‘वीस सात’चा गदारोळ उठला त्याच वर्षी. ज्या राज्यातल्या पालिका शाळांत ही पद्धत वापरली गेली, त्या राज्याने आपल्या पुस्तकाचा वाद मात्र विनोदांवर सोडून दिला.

अशी चाचणी पुण्यात उभी करणं अवघड नाही. बालभारती इथे आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद इथे आहे, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत आणि हवेली, मुळशी, खेड या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. समजा नव्वद शाळा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीस-तीसचे तीन गट केले. पहिल्या गटात फक्त जुने शब्द; दुसऱ्यात जुने आणि नवे दोन्ही; तिसऱ्यात जुने शब्द, पण गठ्ठे-सुट्यांचा ठरवून दिलेला जादा सराव. सत्राअखेर प्रत्येक मुलाला वीस संख्या ऐकवून लिहायला लावायच्या आणि चुकांची विभागणी करायची: क्रम उलटल्याच्या किती, ‘एकोण’च्या किती, उरलेल्या किती. पेपर तपासणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसावं. तिसरीच्या शेवटी पुन्हा तपासणी व्हावी आणि तेव्हा पाढे, हातच्याची बेरीज आणि जुने शब्दही विचारावेत, कारण नव्या वाटेने गेलेलं मूल मंडईतल्या सत्तावीसला अडखळत असेल तर तो तोटा हिशेबात धरायलाच हवा. याशिवाय राज्यात एक तयार तुलना पडून आहे. सोलापूरच्या अक्कलकोट आणि सांगलीच्या जत तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नडमध्ये सत्तावीस म्हणजे ‘इप्पत्तेळु’, सरळ वीस सात. राज्य तेच, अभ्यासक्रम तोच आणि दोन्ही माध्यमांची पुस्तकं काढणारी बालभारतीही तीच. वेल्समध्ये जे पाहता आलं ते आपल्याला घरच्या घरी पाहता येईल.

चाचणीचा निकाल लागण्याआधी एक काम मात्र दोन्ही बाजूंनी करायला हवं: कोणता निकाल आला तर आपण मत बदलू, हे लिहून ठेवणं. दुसऱ्या गटातल्या मुलांच्या चुका स्पष्टपणे कमी झाल्या आणि तिसरीपर्यंत जुने शब्दही त्यांना इतरांइतकेच येऊ लागले, तर परंपरेच्या नावाने विरोध करणाऱ्यांनी ‘वीस सात’ला पुस्तकात जागा द्यावी. काहीच फरक पडला नाही किंवा जुने शब्द मागे पडले, तर बदलाच्या पुरस्कर्त्यांनी तो मागे घ्यावा. आणि गठ्ठे-सुट्यांच्या गटाने दोघांनाही मागे टाकलं, तर वाद शब्दांचा नव्हताच, शिकवण्याच्या पद्धतीचा होता, हे सगळ्यांनी मान्य करावं. मग पैसा पुस्तक बदलण्यावर खर्च न करता शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि साहित्यावर खर्च व्हावा. ही शिस्त एका गणिताच्या पुस्तकापुरती नाही. वाचन कोणत्या अक्षरांपासून सुरू करावं, इंग्रजी कोणत्या इयत्तेत आणावं, परीक्षा किती घ्याव्यात, यांपैकी प्रत्येक प्रश्नावर महाराष्ट्रात ठाम मतं आहेत. त्यांतली बरीचशी तपासता येतात, आणि जे तपासता येतं त्यावर मतदान घेण्याचं कारण नाही.